मिसबाईचं कालवण

अक्का गेली आणि तिच्या खोलीतून माझ्या वाट्याला एक पातेलं आलं. तामचिनीचं, पांढरं, निळ्या काठाचं. काठाचे टवके उडालेत आणि तळाला बाहेरून धुराचा थर बसून बसून ते खापरासारखं काळं झालंय. अक्का जिथं राबायची त्या दवाखान्यातली एक पोरगी ते फडक्यात बांधून घेऊन आली. "मावशी, बाकी ठेवण्यासारखं काही नव्हतं," म्हणाली. मी म्हटलं, बरं. तिला चहा दिला. ती बिचारी माझ्या तोंडाकडे बघत बसली होती, आता रडेल मग रडेल म्हणून. मला काही रडू आलं नाही. शेवटी तिनंच डोळे पुसले आणि गेली.

मला लवकर रडू येत नाही. लोकांना ते खटकतं. खटकू दे.

पातेलं बरेच दिवस ओट्याखाली पडून होतं. मग थंडी पडली. जालन्याची थंडी कोरडी, ओठ फुटतात, टाचा फुटतात. बाजारात गेले तर एका पाटीत मरळ दिसली, ताजी, काळीशार. घेतली. का घेतली म्हणाल, तर माहीत नाही. घरी येऊन साफ केली, मीठ लावलं, कोळसा फुलवून तिला धूर दिला. बटाटे सोलले. आणि ते पातेलं धुऊन गॅसवर ठेवलं, त्यात सगळं शिजवून दूध ओतलं, तेवढ्यात सुनीता आत आली. सुनीता माझी सून. नाक मोठं तिखट तिचं.

"आई, कसला धूर हा? आणि हे काय, दूध? माशात?"

"हो."

"काय करून राह्यलात तुम्ही? अंगावर कोड फुटतं म्हणतात दूध-माशानं!"

"म्हणतात खरं," मी म्हटलं आणि गॅस बारीक केला.

या कालवणाचा वास मला लहानपणापासून पाठ आहे. चव मात्र ठाऊक नव्हती. साऱ्या जन्मात मी ते कधी तोंडात घातलं नव्हतं.

आमचं गाव घनसावंगीच्या खाली, गोदावरीच्या काठाला. आम्ही भोई. नदीत जाळं टाकायचं, होडी हाकायची, पलीकडच्या माणसाला अलीकडे आणायचं. आमच्या झोपडीला कायम दोन वास असायचे, ओल्या जाळ्याचा आणि धुराचा. पावसाळ्यात ऊन नसायचं, मासे वाळायचे नाहीत, म्हणून माय ते चुलीवर काटक्यांची जाळी बांधून धुरात ठेवायची. आमच्या केसांना, अंथरुणाला, भाकरीलासुद्धा तो धूर लागायचा. मला वाटायचं सगळ्या जगाचाच वास असा असतो. एका पावसाळ्यात वडील नदीवर गेले ते परत आले नाहीत. मायनं आम्हा दोघी बहिणींना घेतलं आणि जालन्याला आली.

निजामाचं राज्य होतं. कचेरीत उर्दू, पेठेत मारवाडी, आणि शहराबाहेर गोऱ्या लोकांचा एक दवाखाना होता, तिथं मिसबाईचं मराठी. मिसबाई म्हणजे तिथली डॉक्टरीण. उंच, हाडकुळी, उन्हानं नाक सोललेलं. लग्न न करता एवढ्या लांब येऊन राहिलेली बाई म्हणून गावाला तिची जरा कीवच यायची. तिच्या बंगल्यात माय स्वयंपाकाला लागली. मागे कडुलिंबाखाली आम्हाला एक खोली मिळाली.

एका हिवाळ्यात मिसबाई आजारी पडली आणि बरी होताना तिला घरची आठवण यायला लागली. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसायची आणि मायला सांगायची. तिचा मुलूख स्कॉटलंड. तिकडे थंड समुद्र, समुद्राकाठी दगडी घरं, घरांमागे धुराडी, धुराड्यांत टांगलेले मासे.

"माझा बाप मासे धरत होता, भागाबाई. माझी आई धूर देत होती."

मायचा हात थांबला. "म्हंजी तुम्ही भोयाच्याच म्हणा की!"

मिसबाईला भोई म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. समजल्यावर ती खूप हसली. त्या दिवसापासून तिचं आणि मायचं काहीतरी जुळलं. एकमेकींची बोली अर्धीच कळायची, पण मासा कसा चिरायचा यावर दोघी तासन्‌तास वाद घालायच्या.

तिला तिच्या घरचं एक कालवण हवं होतं. तिकडे त्याला 'कलन स्किंक' म्हणतात. मायनं ते नाव दोनदा ऐकलं आणि सोडून दिलं. आमच्यात त्याचं नाव पडलं मिसबाईचं कालवण.

मायनं न्हाणीमागच्या फुटक्या पिंपात धुराडं केलं. सुताराकडून बाभळीच्या ओल्या ढलप्या आणल्या. घनसावंगीकडून कुणी येणार असलं की मरळ मागवायची, गोणपाटात ओली गुंडाळून. तिला पाठीतून चिरायची, मीठ चोळायचं आणि पिंपात टांगायची. दिवसभर निळा धूर कडुलिंबात अडकून राहायचा. मासा हळूहळू पितळेच्या रंगाचा व्हायचा. मला आणि अक्काला तो बघायला फार आवडायचं. आपलं गाव कुणीतरी इथं आणून टांगलंय असं वाटायचं.

बटाटे मिसबाईच्या बागेतलेच असायचे. कांदा लोण्यात टाकायचा, आणि तिथंच पहिलं भांडण.

"लाल नाही करायचा, भागाबाई. पांढरा ठेवायचा."

"पांढरा ठिवायचा तर मंग घालायचा तरी काहून?"

"मिरचीपण नाही."

"हळद?"

"नाही."

"अगं बाई! आजाऱ्याचं जेवण हाय हे," माय म्हणाली, पण करायला तयार झाली. मग मिसबाईनं शेवटची गोष्ट सांगितली. आता यात दूध.

मायनं पळी खाली ठेवली. "हे बिलकुल व्हायचं न्हाई."

दुधात मासा पडला की खाणाऱ्याच्या अंगावर कोड फुटतं, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक होतं. मासे खाल्ल्यावर ताकाचा थेंबसुद्धा माय आम्हाला देत नसे. मिसबाईनं खूप समजावलं. डॉक्टरीण होती, तिला पुष्कळ माहीत होतं. मायनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. शेवटी तोडगा निघाला तो मायच्याच डोक्यातून. मासा, बटाटा, कांदा ती पातेल्यात शिजवून देईल. दूध मिसबाईनं पलीकडच्या खोलीत, आपल्या स्टोव्हवर, आपल्या हातानं तापवायचं. पातेलं टेबलावर गेलं की माय पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभी राहील, आणि मिसबाईनं आपल्या ताटलीत काय मिसळायचं ते मिसळावं.

असंच चाललं, वर्षानुवर्षं. पातेल्याला दुधाचा स्पर्श नाही. आम्हा दोघींना त्या वेळी अंगणात घालवायची. खिडकीतून वास यायचा, धुराचा आणि गरम दुधाचा, एकात एक. आतून मायचा आवाज यायचा, "झालं का बाई?" आणि मिसबाईचा, "झालं, भागाबाई." मग माय वळायची आणि राखेनं हात घासायची.

अक्का माझ्याहून मोठी. नाव गंगू. हसली की तिचे डोळे मिटायचे. ती दवाखान्यात पट्ट्या धुवायला, पाळणे हलवायला जायची. पुढे तिला मुदतीचा ताप आला तेव्हा मिसबाईनं तिला आपल्या ओसरीवर ठेवून घेतलं. ताप उतरल्यावर तिच्या तोंडाला चव नव्हती, काही जात नव्हतं. मिसबाईनं आपल्या ताटलीतलं दोन चमचे भरवलं, आणि ते गेलं.

"कसं लागतं गं?" मी विचारलं.

"गोड. धुराचं दूध प्यायल्यावानी. मायला सांगू नको."

मी सांगितलं नाही, पण सांगायची गरजही नव्हती, असं आता वाटतं. त्यानंतर मायनं पाठ फिरवली की अक्का अंगणातून हळूच टेबलापाशी यायची, मिसबाई दुसरी ताटली काढायची. मायचं तोंड भिंतीकडे. आपल्याच लेकीचा चमचा वाजलेला तिला ऐकू येत असणार, पण तो मिसबाईचाच असं ती स्वतःला समजावत असेल.

अक्काचं लग्न ठरलं. मुलगा आमच्याच नदीकाठचा, दोन होड्या असलेला. सुपारी फुटली. माय त्या महिन्यात गुणगुणत भाकऱ्या थापायची. वडील गेल्यापासून मी तिचं गुणगुणणं ऐकलं नव्हतं. अक्कानं हिरव्या बांगड्या भरल्या. आणि एक दिवस तिच्या ओठाच्या कोपऱ्यात पांढरं दिसलं. आधी वाटलं चुना लागलाय. मी पदरानं पुसलं. गेलं नाही.

मुलाची आत्या आली ती हळदीच्या आधी. तिनं अक्काची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "पोरगी चांगली हाय." चहा घेतला. दारातली चप्पल घातली. सुपारी परत आली ती दुसऱ्याच कुणाच्या हाती.

मायनं अक्काला एवढंच विचारलं, "खाल्लंस?"

"व्हय."

ना मारलं, ना शिवी दिली. चुलीपाशी जाऊन बसली. त्या दिवशी दूध उतू गेलं आणि तिघींपैकी कुणी उठलं नाही.

मिसबाई आमच्या खोलीत आली. खाली पोत्यावर बसली, तिचे लांब पाय तिला कुठं ठेवावेत कळेना. म्हणाली, "भागाबाई, हे माशानं नाही, दुधानं नाही. माझ्या गावात सगळे खातात. कुणालाच हे नाही."

माय म्हणाली, "तुमचं अंग आधीच पांढरं हाय बाई. तुमच्यावर दिसंल कसं?"

मिसबाई पोत्यावरून उठली. तिचे डोळे भरले होते, मायचे कोरडे होते. त्यानंतर तिनं ते कालवण कधी मागितलं नाही.

थंडीत पिंपातून पुन्हा धूर निघाला तो कुणी न मागता. मी आणि अक्का धावत स्वयंपाकघरात गेलो. मायनं मासा शिजवला होता, बटाटे शिजवले होते, कांदा पांढराच ठेवला होता. आणि आमच्या डोळ्यांदेखत तिनं दुधाचा तांब्या उचलला आणि त्या पातेल्यात ओतला. सगळा. मग फरशीवर मांडी घालून बसली, पातेलं पुढ्यात ओढलं आणि खायला लागली.

"माय! काय करून राह्यलीस?"

"जेवून राह्यले."

"अगं तुला बी फुटंल!" अक्का ओरडली.

"फुटू दे की," माय म्हणाली. घास गिळला. "एकलीच काहून राहशील तू?"

अक्का भिंतीला टेकून उभी राहिली. मी मात्र पुढे झाले. मलाही त्यांच्यातलं व्हायचं होतं. पातेल्यात हात घातला, तर मायनं मनगटावर अशी चापट मारली की बांगडी पिचली.

"तू न्हाई. घरात एक तरी धड असू दे."

त्याच वेळी मिसबाई दारात आली. तिनं बघितलं, मायच्या तोंडाला दूध लागलंय. तिचा चेहरा एकदम उजळला. तिला वाटलं, पटलं हिला आपलं म्हणणं. ती मायशेजारी खाली बसली आणि तिनंही त्याच पातेल्यातून खाल्लं. मायनं तिला काही सांगितलं नाही. "झालं ना, भागाबाई?" मिसबाई म्हणाली. "झालं बाई," माय म्हणाली.

तो सगळा हिवाळा माय खात राहिली. सकाळी कोवळ्या उन्हात अंगणात उभी राहायची. हात उलटेपालटे करून बघायची, पोटऱ्या बघायची, बोटांच्या बेचक्या बघायची. अक्काला बोलवायची, "बघ गं, इथं मानंला. दिसतं का काही?"

"न्हाई माय."

"कानामागं?"

"न्हाई गं."

"नीट बघ जरा." मग हात खाली सोडायची. "मला काहून येईना?"

अक्काचं मात्र वाढत गेलं. ओठावरून हनुवटीला, हनुवटीवरून गळ्याला, मग बोटांना. माय दर हिवाळ्यात पिंप पेटवायची, दूध ओतायची, खायची. तिचं अंग होतं तसंच राहिलं, सावळं, तुकतुकीत. तिच्या वयाच्या बायका तिला म्हणायच्या, भागाबाई, काय कांती हाय तुझी! तेव्हा तिचं तोंड बघवायचं नाही.

मग ते वर्ष आलं. रझाकारांच्या भीतीनं खेड्यापाड्यांतून माणसं दवाखान्याच्या आवारात यायला लागली. गठुडी, शेळ्या, दुरड्यांत झाकलेल्या कोंबड्या. कडुलिंबाखाली चुलीच चुली पेटल्या. माय दिवसभर मोठ्या डेगीत कण्या शिजवायची आणि कुणाच्याही पोराला हाक मारून वाढायची. त्याच गडबडीत ती गेली. कशानं गेली ते सांगत बसत नाही. सकाळी होती, दुपारी नव्हती.

आवारातल्या बायका अंघोळ घालायला पुढे आल्या. अक्का म्हणाली, "कुणी हात लावू नका. आम्ही घालतो." आडोशाला आम्ही दोघीच. मी पाणी ओतत होते, अक्का चोळत होती. तिचे ते चट्टे पडलेले हात मायच्या सावळ्या अंगावरून फिरत होते. मायची पाठ आम्ही कधी बघितली नव्हती. ती उजाडायच्या आत, लुगड्यानिशी अंघोळ करायची. वडील गेल्यावर तिच्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता. अक्कानं तिला कुशीवर वळवलं, ओलं लुगडं बाजूला केलं.

खांद्यांमागच्या दोन्ही फऱ्यांच्या मधे, तिचा स्वतःचा हात कधीच पोचला नसता अशा जागी, एक पांढरा चट्टा होता. कवडीएवढा.

मी तांब्या धरून उभी राहिले. अक्कानं त्यावर बोट फिरवलं, जसं मी एकदा तिच्या ओठावरून पदर फिरवला होता. मग पूर्ण तळवा ठेवला.

"होतं की गं तिला," ती म्हणाली. तळवा तसाच ठेवून म्हणाली, "हे मपल्या आधीचं असंल तर?"

पहिल्या दुधाच्या आधीचं होतं की नंतरचं, हे कोण सांगणार? मायच्या पाठीवरून अक्काच्या ओठावर आलं होतं, की मागितलं म्हणून मायला मिळालं होतं? पाणी गार व्हायला लागलं होतं. अक्का तळवा काढेना. मला तेव्हा दुःख झालं का? झालं असेल. मला आठवतं ते एवढंच, की त्या दोघींच्या अंगावर ते होतं आणि माझ्या अंगावर नव्हतं.

नवं राज्य आलं. पुढच्या हिवाळ्यात मिसबाई बोटीनं आपल्या मुलखाला गेली. जाताना पातेलं अक्काला दिलं. चट्ट्याचं अक्कानं तिला सांगितलं नाही, मीही नाही.

माझं लग्न झालं. चांगल्या घरी झालं, नीट झालं. अंग बघून झालं म्हणा ना. अक्का मांडवात आली नाही. दवाखान्यात लई काम हाय म्हणाली. तिनं तिथंच लहान पोरांच्या खोलीत जन्म काढला. हळूहळू ती सगळीच पांढरी झाली, भुवयांपासून पायाच्या नखांपर्यंत. हसून म्हणायची, "आता मी मिसबाईच झाले बघ." हसली की डोळे तसेच मिटायचे. पिंप गंजून गेलं तरी शेगडीवर मासा धुरावून ती दर थंडीत कालवण करायची आणि मला बोलवायची.

"खातीस का गं?"

"नको."

"नको तर नको. बस समोर."

मी समोर बसायची. ती खायची, मी बघायची. मायनं सांगितलं होतं, घरात एक तरी धड असू दे. मी राहिले.

परवा मी ताटलीत वाढून घेतलं. सुनीता दारात उभी, तोंडावर हात. पहिला घास घेतला. मासा मऊ, बटाटा विरघळलेला, दुधाला धुराची चव. गोड लागतं म्हणाली होती अक्का. तसंच लागलं, थोडं गोड, थोडं खारट. मला वाटलं होतं काहीतरी होईल, आतून काहीतरी फुटेल, रडू येईल. काही झालं नाही. ताटली रिकामी केली आणि अजून घेतलं.

दुपारी सुनीता माझ्या पाठीला तेल चोळायला बसली. थंडीत रोज चोळते. पोर मायेची आहे, बोलते जास्त एवढंच.

"सुनीता, पाठीवर काही दिसतं का गं?"

"कुठं?"

"मधे. हात पोचत नाही तिथं."

तिनं मला खांद्याला धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. पदर सारला. तिचं तेलकट बोट फऱ्यांच्या मधून खाली गेलं.

"काही न्हाई हो आई. एक डाग न्हाई. या वयात कसलं साफ अंग आहे तुमचं!" ती खुशीत म्हणाली.

"नीट बघ."

"बघितलं की."

"अजून एकदा बघ."

तिनं पुन्हा बघितलं. न्हाई म्हणाली.

मी पदर ओढून घेतला. पातेल्यात थोडं उरलं होतं. ते झाकून ठेव, संध्याकाळी खाईन, म्हणून सांगितलं.